संत्र्याच्या टोपलीतली अंगठी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे! तुम्ही वामनरावांना ओळखत नाही, म्हणूनच असेल.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. वामनराव आणि मी खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होतो. मालक गोरा साहेब. नाताळला त्याच्या बंगल्यावर कारखान्यातर्फे नजराण्याची डाली न्यायची रीत होती — संत्री, मिठाई, टोपल्यांत गवतावर नीट रचून, आणि झेंडूचे हार. साहेबानं हात लावला की डाली पावली. मग खानसामा टोपल्या रिकाम्या करी आणि आणणाऱ्याबरोबरच परत धाडी. पुढं चालायचा मान वामनरावांचा. दर वर्षी. मी मागं, हार धरून.

का? इंग्रजी माझं चांगलं, अक्षर माझं चांगलं. पण मडमेसमोर मला घाम फुटे, आणि हा गडी तोडक्यामोडक्या इंग्रजीत तिला हसवी. ते हसणं मला सहन होत नसे. त्यांच्या घरी मी जेवायचो, त्यांच्या मुलीच्या बारशाला पेढे मीच वाटले — आणि आतून जळायचो.

त्या नाताळला मडमेनं हौसेनं स्वतः संत्रं सोललं. रस लागू नये म्हणून अंगठी काढून टेबलावर ठेवली. मग बोलता बोलता सालं हातानं रिकाम्या टोपलीत लोटली — अंगठीसकट. ती गवतात गेली. वामनराव तेव्हा साहेबाला हार घालत होते. पाहिलं फक्त मी.

एक शब्द पुरला असता, नाही का? पण तेवढ्यात वामनराव काहीतरी बोलले, मडम खळखळून हसली आणि माझी जीभ उचललीच नाही. वाटलं, टोपली नेहमीसारखी वामनरावांच्या घरी जाईल, अंगठी निघेल, थोडी फजिती होईल. एवढंच — असं मी स्वतःला सांगितलं. खोटं. मला त्याहून जास्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शोधाशोध झाली. खानसाम्याला टोपल्या आठवल्या. चपराशी वामनरावांच्या परसात गेला आणि गवतात अंगठी सापडली. ती तिथं आली कशी, हे त्यांना सांगता येईना. अख्खं खामगाव तर्क लढवत होतं, त्यांच्या पाठीमागं मीही लढवले. सणाचे दिवस म्हणून साहेबानं पोलिसांना बोलावलं नाही, नोकरी मात्र घेतली. तेव्हा मी वामनरावांच्या शेजारीच उभा होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

गाव सोडायच्या दिवशी ते माझ्या दारात आले. बायको-मुलगी बाहेर बैलांच्या दमणीत बसलेली. त्यांच्या हातात बंगल्यावर जाताना घालायचा काळा कोट होता.

“साऱ्यायनं मले चोर म्हटलं, नाना. तूच एक चूप राह्यला,” ते म्हणाले. “हा कोट ठेव. आता डाली तुलेच न्या लागन.”

दमणी शेगावच्या रस्त्याला लागली. मी आत आलो, दार लावलं, कोट अंगात घातला, सगळी बटणं लावली आणि आरशासमोर उभा राहिलो. तो मला शोभत होता. मी खूश झालो.