भुताच्या सीनचा बर्फ

फ्रीझरच्या डिस्प्लेवर उणे ऐंशी दिसायला हवं होतं. दिसत होतं उणे एकोणसाठ. अलार्म सकाळपासून वाजत असावा, पण रविवार होता. प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाणं घालायला आलेल्या भारतीताईंशिवाय विभागात कोणी नव्हतं. त्यांनीच मला फोन केला. मी जवळच, अंधेरीत राहते, वीस मिनिटांत पोचले.

मी विद्यापीठात इम्युनॉलॉजी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचं शास्त्र शिकवायचे. आता निवृत्त झाले. माझ्या संशोधनाचा विषय साधा सांगता येतो. डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की काही माणसं पहिल्यापेक्षा जास्त आजारी पडतात, काही अजिबात पडत नाहीत. असं का? त्यासाठी त्याच त्या माणसांचं रक्त दर वर्षी लागतं. मढच्या कोळीवाड्यातली काही घरं नऊ वर्षं आम्हाला रक्त देत होती. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ते सीरम. ते छोट्या कुप्यांत भरून आम्ही याच फ्रीझरमध्ये ठेवत असू. ते एकदा वितळलं की आतलं बरंच काही तुटतं. पुन्हा गोठवून उपयोग नसतो.

सर्व्हिस इंजिनिअर फोनवर म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, मॅडम. पार्ट उद्या मिळेल. तोवर दार उघडू नका."

"तासाला पाच अंश चढतंय."

"म्हणूनच म्हणतो, उघडू नका."

मग विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये हलवा ना."

"विचारलं, सर. दोन रॅक मावतील. आपले बावीस आहेत."

"मग ड्राय आइस मागवा."

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे अठ्ठ्याहत्तरला असतो आणि वितळून पाणी होत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. फ्रीझर बंद पडला की तोच एक आधार. आमच्या नेहमीच्या डीलरचा फोन बंद होता. दुसऱ्याने उचलला आणि उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाला. उद्या सकाळपर्यंत सगळ्याचं पाणी झालं असतं.

मी स्टुलावर बसले. भारतीताई फ्रीझरकडे बघत उभ्या होत्या. त्या मढच्याच. आमच्याकडे लॅब अटेंडंट म्हणून पंधरा वर्षं होत्या. कोळीवाड्यातल्या बायकांना रक्त द्यायला तयार केलं ते त्यांनीच, दारोदार जाऊन. त्यांच्या सासूबाई सगळ्यात आधी तयार झाल्या होत्या. आदल्या वर्षी त्या गेल्या.

"सासूचं पण आतच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आठ वर्षांचं."

मग म्हणाल्या, "मॅडम, ड्राय आइस म्हणजे तो धुराचा बर्फ ना? शूटिंगला वापरतात तो?"

"तोच."

"मग आमच्याकडे आहे. मढला एका बंगल्यावर भुताच्या सिरियलचं शूटिंग चाललंय. माझी जाऊ तिथे डबे देते. धूर सोडणारे सावंत काल पेट्या उतरवत होते."

मी पर्स उचलली. आम्ही रिक्षाने वर्सोव्याच्या जेट्टीवर गेलो आणि फेरीने खाडीपलीकडे मढला. बंगल्याच्या आवारात सावंत भेटले. पन्नाशीचे, मूळचे मालवणकडचे, हातात जाड हातमोजे. चार थर्माकोलच्या पेट्या आंब्याच्या झाडाखाली ठेवलेल्या. मी घाईघाईत सगळं सांगितलं. तेवढ्यात प्रॉडक्शन मॅनेजर आला.

"मॅडम, सॉरी. दुपारी भुताच्या एन्ट्रीचा सीन आहे. हा धूर जमिनीलगत राहतो. मशीनचा धूर वर जातो, तो चालत नाही. डायरेक्टर मला खाऊन टाकेल."

त्याचं काही चुकत नव्हतं. तोही त्याचं कामच करत होता.

सावंतांनी भारतीताईंना विचारलं, "रगत कोणाचा म्हणालात?"

"आमच्या गल्लीतल्यांचं. माझ्या सासूचं. ती आता नाही."

सावंत मॅनेजरकडे वळले. "बर्फ उद्या परत येतलो. ह्यां रगत परत येवचा नाय. मशीनचो धूर मी दाबून खाली बसवतंय. डायरेक्टराक मी सांगतंय."

ते खरंच आत गेले. काय बोलणं झालं ते कळलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, "तीन न्या. एक ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू कोंडला तर पेटी फुटते. आणि बंद गाडीत बसू नका, श्वास कोंडतो. फेरीनेच जा." हे मी विद्यार्थ्यांना शिकवायचे. त्या दिवशी मुकाट ऐकून घेतलं.

फेरीवर पेट्यांच्या फटींतून पांढरा धूर निघत होता. एका बाईने भारतीताईंना विचारलं, "काय गं, कसली मासळी नेतेस?"

"मासळी नाही. तुझंच रक्त वाचवायला चाललेय," भारतीताई म्हणाल्या. ती बाईही आमच्या यादीतली होती.

विभागात पोचलो तेव्हा आकडा उणे एक्केचाळीस होता. दार एकदाच उघडायचं ठरवलं. मी रॅक सरकवत गेले आणि भारतीताई हातमोजे घालून तुकडे भरत गेल्या. दार लावलं. अर्ध्या तासाने उणे पन्नास, संध्याकाळी उणे अडुसष्ट. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. भारतीताईंनी चहा करून आणला.

सोमवारी कॉम्प्रेसर बदलला. नंतर तपासलं तर दाराजवळच्या मोजक्या कुप्यांबद्दल शंका आली, त्या आम्ही वगळल्या. बाकी सगळं शाबूत होतं. सासूबाईंच्या आठही कुप्या चांगल्या निघाल्या. काम पूर्ण झालं आणि पेपर छापून आला. त्यात आभाराच्या ओळीत मी भारतीताईंचं आणि सावंतांचं नाव घातलं. संपादकाने सावंतांची संस्था कोणती असं विचारलं. मी 'स्वतंत्र' असं लिहून पाठवलं.

सावंतांना तो अंक द्यायला गेले होते. त्यांनी नाव दोनदा वाचलं आणि अंक पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "त्या दिवशी भूत बरा दिसला हा. मशीनचो धूर होतो ह्यां कोणाक कळला नाय."

महत्त्वाचे नमुने कधीही एकाच फ्रीझरमध्ये ठेवू नयेत, निम्मे दुसरीकडे ठेवावेत. हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला शिकवायचे. स्वतः मात्र नऊ वर्षं केलं नव्हतं.