कल्याणात नसलेला कल्याण रोड

कल्याणला खेटून असलेल्या शहाडच्या पुलाजवळ माझ्या खिडकीखालून जो हायवे जातो, त्याला इथे सगळे मुरबाड रोड म्हणतात. मुरबाडला गेलात की तोच कल्याण रोड होतो. माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर करत नगरपर्यंत तो कल्याण रोडच राहतो. पुढे पाथर्डी, परभणी, नांदेड असा सगळा महाराष्ट्र आडवा कापत तेलंगणात निर्मलला जातो. सरकारने त्याला आधी दोनशे बावीस नंबर दिला, मग एकसष्ट. तो नंबर मी एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. आपल्याकडे रस्त्याला नाव मिळतं ते तो जिथे नेतो त्या गावाचं, आपण उभे असतो त्या गावाचं कधीच नाही.

माझे वडील, आबा, टाकळीच्या अलीकडे याच रस्त्यावर मैलकुली होते. म्हणजे बांधकाम खात्याचा मजूर. रस्त्याचा एक ठरावीक तुकडा त्याच्या ताब्यात. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, पावसाआधी चर मोकळे करायचे, झाडांच्या बुंध्यांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे. पुढे रुंदीकरणात ती चिंचेची-वडाची झाडं गेली, आबाही निवृत्त झाले. रस्त्याचा अभिमान मात्र गेला नाही. नाणेघाटातून बैलांचे तांडे कल्याण बंदरात उतरायचे तेव्हापासूनचा आपला रस्ता, असं ते इतक्या ठसक्यात सांगायचे, की जणू त्या बैलांच्या मागचं शेणही त्यांनीच उचललं होतं.

आई गेल्यावर मी त्यांना शहाडला आणलं. माझी बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. दोन म्हातारे, दोन खोल्या आणि बोलायला विषय एकच. खिडकीत बसून ते विचारायचे, कल्याण रोड कुठंशी आला? मी सांगायचो, समोर दिसतो तोच, फक्त इथे त्याला मुरबाड रोड म्हणतात. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मी काही शांत माणूस नाही. एकदा वैतागून म्हणालो, आपण कल्याणातच बसलोय, इथे कसला आलाय कल्याण रोड. त्यावर दोन दिवस त्यांनी काहीच विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या शांततेत बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेलो, परत आलो तर दार उघडं. आबांच्या चपला नव्हत्या.

पूल पाहिला, स्टेशन पाहिलं, उल्हास नदीच्या काठापर्यंत जाऊन आलो. मग म्हटलं, मैलकुली माणूस, रस्ता धरूनच जाणार. रिक्षा केली आणि मुरबाडच्या दिशेने म्हारळ, वरप, कांब्यापर्यंत दोन्ही कडा बघत गेलो. कडेने चालणारा प्रत्येक पांढरा सदरा मला आबा वाटत होता. धुळीत उभा राहून आता कोणाला फोन करावा याचा विचार केला, तेव्हा लक्षात आलं, की परदेशातली मुलगी सोडली तर जवळचं असं एकही माणूस माझ्याकडे उरलेलं नाही.

दुपारी फोन आला तो डोंबिवलीतून, म्हणजे नेमका उलट्या दिशेने. आबांच्या खिशातल्या डायरीत माझा नंबर होता. बोलणारी बाई तिथल्या जुन्या गावातली, भाजी विकणारी, लहानथोर सगळ्यांना तू म्हणणारी. "तुझ्या बाबाला मी बसवून ठेवलाय. घाई करू नको, नीट ये," एवढंच म्हणाली.

घडलं होतं ते सरळ होतं. आबांनी शहाडला रिक्षात बसून कल्याण रोड सांगितलं. आमच्या रस्त्याला इथे कोणी तसं म्हणत नाही; डोंबिवलीत मात्र एक कल्याण रोड आहे, कारण तो डोंबिवलीहून कल्याणला येतो. रिक्षावाल्याने इमानदारीत ठाकुर्लीमार्गे त्यांना तिथे नेऊन सोडलं. ज्या रस्त्यावर उमेदीची सगळी वर्षं गेली, त्याच्याच कडेवरून उठून ते त्याला शोधायला भलतीकडे गेले होते.

मी पोचलो तेव्हा ते भाजीच्या पाट्यांमागे स्टुलावर बसले होते, हातात चहा. वाटेत मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात निघालं ते एवढंच, "आबा, गावाला जायचं होतं तर मला सांगायचं."

"गावाला न्हाई," ते म्हणाले. "पोरगं गेलंय कल्याण रोडनं, नोकरीला. लई दिस झालं, माघारी आलं न्हाई. म्हटलं, बघावं कुठवर गेलंय."

मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. म्हणालो, "आबा, मीच तो."

त्यांनी माझा चेहरा, माझे पांढरे केस नीट न्याहाळले. मग परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "न्हाई वो. त्यो तरणा हाय. तुमी तर माझ्यासारखं म्हातारं."

बाईने तोंड फिरवलं आणि ती मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत राहिली. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. आबांनी उरलेला अर्धा चहा माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमाला बी कुणी न्यायला यायचंय का?"