फोडणीचा वास आणि भिंतीतलं भोक

काही प्रकरणं आठवली की आजही माझं डोकं तापतं. हे त्यांतलं पहिलं. यात गुन्हेगार कोणी नव्हता, तरी एक अख्खं घर मरणाच्या दारात होतं, आणि ज्याला विचारावं तो काहीतरी झाकून बसलेला.

मी मूळचा नागपूरचा. वडिलांच्या नोकरीमुळे शाळकरी वयात जर्मनीत आलो, इथल्याच पोलिसात भरती झालो आणि लुडविग्सहाफेनच्या गुन्हे शाखेतून निवृत्त झालो. निवृत्तीच्या आदल्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

ठाण्यात एका बाईंचा फोन आला. नाव सांगायला त्या तयार नव्हत्या. त्यांची एक मराठी मैत्रीण महिनाभर आजारी होती. रोज संध्याकाळी घरी डोकं दुखायचं, मळमळायचं, दोनदा चक्कर येऊन ती पडली होती. नवरा मात्र ठणठणीत, आणि तो एका रसायन कंपनीत केमिस्ट. तो तिला जेवणातून काहीतरी देतोय, एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला. असले निनावी फोन बहुतेक पोकळ निघतात, पण टाकून एकही देता येत नाही. त्यात दुभाषा मिळाला तो हिंदीचा. म्हणून तपास माझ्या गळ्यात पडला.

ही आजारी मैत्रीण तिशीतली, मोजकं बोलणारी. नवरा विष घालतो असं ती म्हणाली नाही. घालत नाही असंही म्हणाली नाही. बाहेर असलं की बरं वाटतं, घरी स्वयंपाक-जेवण झालं की त्रास होतो, एवढंच तिने सांगितलं. नागपूरहून राहायला आलेल्या सासूबाईंनाही तेच होत होतं. तिचा जबाब नोंदवला, रक्त-लघवी तपासायला पाठवली. विष सापडलं नाही. तिच्या डॉक्टरांनी आधीच ‘स्ट्रेस’ म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

मग नवऱ्याला बोलावलं. हाताची घडी घालून बसला. प्रत्येक प्रश्नाला जर्मनमधून ‘या’ नाहीतर ‘नाइन’, हो किंवा नाही, एवढंच. घरात अलीकडे काही बदल केलाय का, हे मी पुन्हा पुन्हा विचारलं. काही नाही म्हणाला आणि प्यायला पाणी मागितलं. खोटं बोलणारा नजर चुकवतो असं सिनेमात दाखवतात. माझ्या अनुभवात त्याला तहान लागते.

“तुमच्यावर बायकोला विष घातल्याचा संशय आहे, हे कळतंय ना?” मी विचारलं.

“कळतंय,” तो म्हणाला आणि पुन्हा पाणी मागितलं. असा माणूस समोर असला की टेबलावर डोकं आपटावंसं वाटतं. त्याचं नाही, आपलं.

दुसऱ्या दिवशी एका महिला सहकाऱ्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. नवरा कामावर होता, सून आतल्या खोलीत पडून होती. सासूबाई दारात घाबरून उभ्या होत्या; मी जय भीम म्हटलं तेव्हा कुठे मोकळ्या झाल्या. चहा नको म्हटलं तरी त्यांनी भज्यांसाठी कांदा चिरायला घेतला. सुनेला मी कशाला त्रास देऊ, माझाच जीव तिच्यात आहे, असं त्या सांगत होत्या. सांगता सांगता त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावली, बाल्कनीचं दार ओढून पाहिलं आणि शेगडीवरची धूर ओढणारी चिमणी सुरू केली. तिचा आवाज एवढा की आम्हाला ओरडून बोलावं लागलं.

तळण करताना खिडकी का लावता, असं मी विचारलं.

“खालच्या बाईंना वास जातो ना, भाऊ,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर पोरानं ही चिमणी बसवली, मी आले त्याच आठवड्यात. भिंतीला भोक पाडून वास पार रस्त्याच्या बाजूला सोडलाय. खिडक्या बंद अन् चिमणी फुल, असं सांगून ठेवलंय त्यानं. कोणाला बोलू नको म्हणाला. तुम्ही बी बोलू नका.”

काही बदल नाही म्हणणारा तो इसम माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच वेळी माझं कपाळ ठणकायला लागलं होतं. सहकारीही कपाळ चोळत होती.

मी बाथरूममध्ये गेलो. कोणी आंघोळ केली नव्हती, तरी आरशावर वाफ होती. भिंतीवर थेर्मे, म्हणजे घर आणि पाणी तापवणारी गॅसची पेटी, जळत होती. तिच्या धुराच्या नळीखाली जी फट असते तिथे हात धरला. गरम, दमट हवा तळव्यावर आली. जो धूर धुराड्यातून वर जायचा, तो घरात उतरत होता. कारण उघड होतं. बंद घरातली हवा चिमणी बाहेर फेकत होती, तिच्या जागी कुठून तरी हवा येणारच. ती धुराड्यातून खाली येत होती आणि सोबत कार्बन मोनॉक्साइड आणत होती. त्याला ना वास, ना रंग.

मी चिमणी आणि शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, सासू-सुनेला अंगावर होते त्या कपड्यांनिशी रस्त्यावर आणलं आणि ११२ ला फोन लावला. खालच्या बाईंनाही बाहेर काढलं. सासूबाई कढईतल्या भज्यांची काळजी करत होत्या. अग्निशमन दलाच्या माणसाने दारात पाऊल टाकलं आणि त्याच्या छातीवरचं यंत्र किंचाळायला लागलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. या वेळी रक्त लगेच घेतलं, त्यात हा वायू सापडला. मोकळ्या हवेत काही तास गेले की तो रक्तातून निघून जातो, म्हणून आधीची तपासणी कोरी आली होती. नवरा रोज उशिरा, स्वयंपाक आटोपून चिमणी बंद झाल्यावर घरी यायचा, म्हणून तो ठणठणीत. थेर्मे आणि धुराडं दोन्ही ठीक होती. धुराडी तपासणाऱ्या सरकारी बाई म्हणाल्या की अशा थेर्मेबरोबर अशी चिमणी लावायची तर खिडकी उघडल्याशिवाय ती चालूच होणार नाही असा स्विच लागतो; बसवण्याआधी एकदा विचारायचं होतं. खालच्या शेजारणीला मी वासाच्या तक्रारीबद्दल विचारलं, तर त्यांना काही आठवेना. मग म्हणाल्या, जिन्यात एकदा सहज बोलले असेन, तक्रार कसली?

नवरा धावत दवाखान्यात आला तेव्हा मी खाटेपाशी होतो. त्याने सगळं कबूल केलं. घरमालकाला न विचारता भोक पाडलं, म्हणून गप्प राहिलो म्हणाला. कामावर हाच वायू मोजणारं यंत्र छातीला लावून फिरणारा माणूस!

बायकोने मास्क बाजूला केला. “तू मला विष देतोस असा पोलिसांना संशय होता. तेव्हाही भोकाचं सांगितलं नाहीस?”

“घर गेलं असतं,” तो म्हणाला. “इथे घर मिळायला किती वेळ लागला, माहितेय ना तुला?”

तिने मास्क पुन्हा लावला आणि कूस बदलली.

निष्काळजीपणाचं प्रकरण नोंदवलं गेलं, पुढे समज देऊन मिटलं. घरमालकाने भोक बुजवायला लावलं आणि विषय संपवला. घर गेलं नाही. ती काही आठवडे मैत्रिणीकडे राहून परत आली. त्या दोघांत पुढे काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी खून लपवणारे पाहिले, चोऱ्या लपवणारे पाहिले. पण तपासाचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो शरमेपोटी क्षुल्लक गोष्ट लपवणाऱ्या सज्जन माणसांनी. त्यांच्यापुढे कुठलीच युक्ती चालत नाही, कारण आपण काही लपवतोय असं त्यांना वाटतच नाही. हल्ली कोणाकडे जेवायला गेलो की मी चपला काढताकाढताच विचारतो, थेर्मे कुठे आहे, शेवटचं कधी तपासलं, वायूचा अलार्म लावलाय का. यजमान वैतागतात. मी तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत ताटावर बसत नाही.