लेस्टरची भाकरी कुणाच्या नावावर?

कर सल्लागाराच्या ऑफिसात फायली साठतात तसे किस्सेही साठतात. फायली आठ-दहा वर्षांनी रद्दीत घालता येतात, किस्से घालता येत नाहीत. मित्र जमले की मी दर वेळी ठरवतो, आज तोंड उघडायचं नाही. मग चहा येतो आणि माझंच सुरू होतं.

नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात मी आणि टायपिंग करणारी पद्मा, एवढीच माणसं. पण मागच्या वर्षी एका भाकरीवाल्या कुटुंबानं आमच्याकडं असा मुक्काम ठोकला की बाकी सगळ्या अशिलांचे किस्से फिके पडले.

*

शिवलिंगप्पा काका मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात त्यांचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. पाटीवर 'शिवलिंगप्पा अँड सन्स'. थोरला मुलगा महेश नोकरीनिमित्त इंग्लंडात, लेस्टर नावाच्या गावी. त्याची बायको विद्या तिथं कडक भाकरी करून विकायचं म्हणत होती. तिच्या व्हिसावर स्वतःचा धंदा करायला परवानगी होती. ठरवायचं एवढंच होतं की धंदा तिच्या एकटीच्या नावानं काढायचा, की कंपनी काढायची.

खरं तर हे तिनं तिथं बसून ठरवायचं. पण धंदा लेस्टरला असला तरी निर्णय सोलापुरात व्हायला पाहिजे, असं काकांचं मत. एका सकाळी काका, धाकटा मुलगा बसू आणि महादेवी काकू असे तिघं येऊन बसले. काकू दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर पिशवी घेऊन.

"साहेब, प्रायव्हेट लिमिटेडच काढा," काका म्हणाले.

"का हो?"

"बसूचं लगीन ठरवायलोय. पत्रिकेत नावाखाली घालायचंय. डायरेक्टर, लंडन."

"पण सून तर लेस्टरला असते."

"लेस्टर हितं कुणाला म्हाईत हाय?"

*

तिथला कायदा मला काही तोंडपाठ नाही. मी तिथल्या एका अकाउंटंटशी फोनवर बोललो आणि पुढच्या खेपेला काकांना समजावून सांगितलं. एकटीच्या नावानं धंदा केला तर विद्या आणि धंदा एकच. नोंदणी सोपी, पण काही देणं झालं तर ते थेट तिच्यावर येणार. कंपनी काढली तर कायद्याच्या नजरेत कंपनी हा एक वेगळाच माणूस.



"म्हंजे घरात आनि एक मानूस आला?"

"तसंच समजा."

"त्यो जेवतो का?"

मी म्हटलं, "जेवत नाही, पण दरवर्षी त्याचे वेगळे कागद भरावे लागतात, त्यासाठी अकाउंटंट लागतो, त्याची फी लागते."

"मग जेवतोय की," काका म्हणाले.

*

तरी कंपनीचं खूळ गेलं नाही. उलट तिसऱ्या खेपेला काका डायरेक्टरांची यादीच घेऊन आले. सात नावं. पहिलं नाव गावच्या देवाचं.

मला याचं नवल वाटलं नाही. त्यांच्या घरात कुठलाही धंदा काढताना देवाची एक पाती, म्हणजे वाटा, ठेवतात. आजवर ती तोंडी चालत आली होती. आता कंपनी परदेशातली म्हटल्यावर देवालाही कागदावर घ्यायला हवं, असं काकांना मनापासून वाटत होतं.

पद्मानं शांतपणे यादी पुढं ओढली. "काका, प्रत्येक डायरेक्टरचा राहता पत्ता लागतो."

"पत्ता सरळ हाय. गावात शिरलं की डाव्या हाताला."

"आणि जन्मतारीख?"

काका माझ्याकडं बघायला लागले, मी पंख्याकडं. शेवटी बसूनं प्रश्न सोडवला.

"जत्रंची तारीख टाका की."

*

चौथ्या बैठकीत मी हट्ट धरला, की जिचा धंदा आहे तिला विचारा. बसूनं मोबाइल माझ्या टेबलावर पेनस्टँडला टेकवून उभा केला आणि विद्या दिसली. मागं ओट्यावर पिठाचे डबे, हाताला पीठ.

तिनं सगळं आधीच वाचून ठेवलं होतं. धंदा सुरू करायच्या आधी तिथल्या नगरपालिकेकडं नाव नोंदवायचं, ते येऊन स्वयंपाकघर तपासणार, हे तिनंच मला सांगितलं.

"सर, एकटीचं केलं तर कुठल्या कागदावर आणखी कुणाची सही लागंल का?"

"नाही."

"भाकरी खाऊन कुणाला बाधलं, तर माझ्या एकटीवर येईल ना?"

"हो, तुझ्या एकटीवर."

"येऊ दे. विमा काढते. एकटीचंच करायचं."

काका पुढं सरकले. "एकटीचं कसं? 'अँड सन्स' पायजेल की. लोकं काय म्हनतील?"

"अप्पा, भाकरी सन्स थापतात का?"

दाराजवळ काकूंनी पदर सारखा केला.

विद्या पुढं म्हणाली, "थापणार मी, तव्यापाशी उभी राहणार मी. नाव पण माझंच लागंल. नको असंल तर र्‍हाऊ दे, मी नोकरी बघते. पण दुसऱ्याच्या नावावर भाकरी थापणार न्हाय."

काकांनी मोबाइल उचलला आणि टेबलावर पालथा घातला. विषय संपला, अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडं वळले.

"अप्पा," टेबलावरून आवाज आला, "ऐकू येतंय मला."

*

मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं, आणि ते मी काकांच्या तोंडावर बोललो. पुढं धंदा वाढला तर कंपनी करता येते, हेही सांगितलं. त्यावर काका थोडे निवळले.

दोन महिन्यांनी विद्याच्या नोंदणीचं पत्र आलं. काका त्याचा प्रिंट काढायला स्वतः आले, पेढे आणि काकूंना घेऊन. जणू सगळं त्यांच्याच मनासारखं झालं होतं. काकूंनी पद्माला पत्र वाचून दाखवायला सांगितलं.

"एकच नाव हाय?"

"एकच. विद्याताईंचं."

"परत वाच," काकू म्हणाल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बसूच्या लग्नाची पत्रिका आली. मी आधी त्याच्या नावाखाली बघितलं. तिथं छापलं होतं: 'वहिनींचा स्वतंत्र व्यवसाय, इंग्लंड.'

*

लग्न होऊन गेलं. एका दुपारी काकू एकट्या आल्या. इतक्या खेपांत पहिल्यांदाच त्या दाराजवळची खुर्ची सोडून माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. पिशवीतून आधार कार्ड आणि पॅन कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

"विद्याचं केलं तसं माजं करा. एकटीचं."

"काकू, दुकान काकांच्या नावावर आहे."

"दुकान र्‍हाऊ द्या त्यांचं. भाकरी मीच थापते, तिचं करा. घरात करून मी कुनालाबी विकीन. दुकानाला बी विकीन."

मी पद्माकडं बघितलं. तिनं छोट्या धंद्यांच्या उद्यम नोंदणीचा फॉर्म उघडलाही होता. नाव टाकलं, आधार नंबर टाकला, आणि गाडं अडलं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाणार होता, आणि जोडलेला नंबर काकांचा होता.

"काकू, यासाठी काकांचा फोन लागेल," मी म्हटलं. "त्यांना विचारून उद्या या."

काकूंनी पिशवीत हात घातला आणि काकांचा मोबाइल काढून आधार कार्डाशेजारी ठेवला.

"जेवून झोपल्यात," त्या म्हणाल्या. "चारला उठतील. तुमी भरा लवकर."

ओटीपी आला. पद्मा भराभर भरत गेली. मालकी कशी, एकटीची. काम काय, कडक भाकरी. हाताखाली माणसं किती, एकही नाही. मग ती एका रकान्यापाशी थांबली.

"काकू, व्यवसाय कधी सुरू केला, ती तारीख लागते."

काकूंना आठवायला वेळ लागला नाही.

"माजं लगीन झालं, त्याच्या तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या.