भागूबाईचं भय

वृद्धाश्रमात माझ्या बायकोला सगळे भागूबाई म्हणायचे. नाव मीच पाडलेलं. लग्न नवीन असताना झुरळ पाहून ती टेबलावर चढली, तेव्हा मी "भित्री भागूबाई" म्हणालो, ते जन्माचं चिकटलं. पाल, लिफ्ट, कुत्रं, मोठ्यानं बोलणारा माणूस, भ्यायला तिला काहीही पुरायचं. दाराची कडी लावून आडवी व्हायची आणि पुन्हा उठून कडी ओढून बघायची. बस चालवून माझे गुडघे कामातून गेले, पण तिच्या त्या उठाबशांनी मी जास्त दमलो.

ती तिथे आया होती. मागच्या बाजूची खोली नोकरीबरोबर मिळालेली, आणि दुसरं घर आम्हाला नव्हतं. पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची आणि खाटेचा कठडा वर करून खट् आवाज येईपर्यंत दाबायचा, असं तिचं काम.

एक दिवस दुसरी आया आलीच नाही, म्हणून हिनं लागोपाठ दुसरी पाळी केली. पहाटे कोपऱ्यातल्या खाटेवरचे मास्तर खाली पडले. खुब्याचं हाड मोडलं. कठडा खालीच होता.

दुपारी मॅनेजरनं आम्हा दोघांना बोलावलं.

"मास्तरांची मुलगी येतेय. कठडा लावला होता, त्यांनीच काढला असेल, एवढंच सांगा. त्यांना स्वतःला काही आठवत नाही. नाहीतर नोकरी जाईल आणि खोलीही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, बाई भित्र्या आहेत. तुम्ही समजवा."

भित्रं माणूस दबतं, असा त्याचा अंदाज. माझाही तोच होता.

खोलीत आल्यावर मी समजावलं कसलं, चिडलोच. "कुणी पाहिलंय का?"

"प्रभूनं."

"देव काय कठडे तपासत फिरतो?"

ती हसली नाही. "तपासत असेल. खट् वाजलं नव्हतं, मला कळलं होतं. पाय गळून गेले होते, तशीच पुढे गेले. आता प्रार्थनेला बसल्यावर त्याला काय सांगू? मास्तरांनी काढला म्हणून? ज्यानं आजवर सांभाळलं, त्याच्याच तोंडावर खोटं? त्याचीच भीती वाटते मला."

"आणि मॅनेजरची?"

"वाटायची. आज नीट बघितलं त्याच्याकडे. तोच बिचारा घाबरलाय."

मला फार राग आला होता. या वयात बोचकी कुठे वाहायची?

मुलगी आली. ही तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कठडा मी नीट लावला नव्हता. चूक माझी आहे." दुसऱ्या पाळीचं मी सांगायला गेलो, तर हिनं माझं कोपर दाबलं. मुलगी "बाबा आता चालणार नाहीत," एवढंच बोलली आणि निघून गेली. माफी वगैरे काही मिळाली नाही. मॅनेजरनं मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडायला सांगितली.

सामान बांधायला सकाळ गेली. माझ्या मेहुण्याचा टेम्पो दुपारनंतर येणार होता. आता त्याच्या दारात पडून राहायचं, आणि तेही किती दिवस, कुणास ठाऊक. गादी तेवढी गुंडाळायची राहिली होती. ही त्यावर आडवी झाली. दार सताड उघडं. एक कुत्रं उंबऱ्यापाशी येऊन हुंगत उभं राहिलं.

"कडी लावू का?" मी विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. बघता बघता घोरायला लागली.

मी कुत्र्याला हाकललं. दार लोटून कडी लावली आणि बोचक्यावर येऊन बसलो. थोड्या वेळानं उठलो आणि कडी ओढून बघितली.