पत्रकातला चौथा नियम

बालाघाटातल्या आमच्या वॉर्डात पत्रकाशिवाय काही होत नाही. धम्मदीक्षेनंतर लागलेली ही सवय. विहिरीचा वाद असो की कबड्डीचा सामना, आधी छापायचं, मग करायचं. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून पत्रकं लिहितो. म्हणूनच चार माणसांच्या सहलीचंही पत्रक काढलं मी. दोनशे प्रती! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहल लुंबिनीची होती. नेपाळात जायला पासपोर्ट लागत नाही; आमच्यासारख्यांना झेपेल असा परदेश तेवढाच. मोटारसायकली दोन. एक माझ्या शाळासोबत्याची. तो वैनगंगेकाठच्या मोठ्या शेतकरी घरातला. दुसरी आमच्याच वॉर्डातल्या मिस्त्रीची, बैहरला जाणाऱ्या जीपगाड्या दुरुस्त करता करता भंगारातून उभी केलेली. मित्राच्या मागं त्याचा आतेभाऊ बसणार, मिस्त्रीच्या मागं मी. पेट्रोल, शिधा, पंक्चर, सगळा खर्च चौघांत सारखा.

मिस्त्री महिनाभर दोन्ही गाड्यांखाली लोळत होता. चाळिशी उलटलेला माणूस, नागपूरच्या पलीकडे कधी गेला नव्हता. काम करता करता म्हणायचा, "भाऊ, बुद्ध जिथं जन्मले तिथली माती एकडाव पायाले लागू द्या. मंग मले काही नाही पाहिजे."

नियम मी लिहिले. पहिल्या तिनांत गाडी, सामान, मुक्काम. चौथा असा: "चौघांची चूल एक, हंडी एक, स्वयंपाक पाळीपाळीने, जेवण एका पंगतीत." खर्च सारखा तर पंगत वेगळी कशासाठी? खाली चौघांची नावं टाकली आणि बाजाराच्या दिवशी सगळी पत्रकं वाटून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी मित्र मिस्त्रीच्या टपरीवर आला. गाडीवरून उतरलाच नाही.

"छापलं काहून बे?"

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं कोण म्हणून राह्यलं? तुह्या मायच्या हातची भाकर मी पाचवीपासून खाऊन राह्यलो. पण किराणावाल्यानं ते माह्या बापाले दुकानात वाचून दाखवलं, दहा लोकांसमोर. बाप म्हणते, चौथा नियम चुकून छापला असं दुसरं पत्रक काढा, नाही तर गाडी कोठ्यात बैलांजवळ."

"मी नाही काढत."

"अबे, नेता! दोन ओळी लिही फक्त. जबलपूरच्या पुढं कोण पाहाले येते? तुह्याच हंडीत जेवतो ना मी."

"म्हणजे जबलपूरच्या पुढं माणूस, आणि बालाघाटात?"

"बालाघाटात मले राहाचं आहे, राजा."

त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

तो गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाला, "लिहून टाका ना भाऊ दोन ओळी. आपल्याले जाणं होईल."

मी त्याच्यावर भडकलो. स्वाभिमान काय विकायला काढलाय? दीक्षा कशाला घेतली आपण? सभेतलं अख्खं भाषण त्या एका माणसावर ओतलं.

"हौ. बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला आणि पाना पुसत बसला.

ठरलेल्या दिवशी सकाळी मित्र आला नाही, आतेभाऊही नाही. दोन्ही गाड्यांच्या सामानात आमचे बरेच पैसे आधीच गेले होते, त्या दोघांचा वाटा आलाच नाही, तरी माझ्या हट्टापायी आम्ही निघालो. जबलपूरच्या वाटेवर, लामत्याला, मिस्त्रीनं मोहाच्या झाडाखाली गाडी बंद केली. टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं.

"हातातल्या पैशात पुढं जाता येईल भाऊ, परत नाही येता येणार. तिकडंच अडकलो तर लेकराईले कोण पाहील?"

"पुढच्या साली जाऊ. नवे गाडीवाले गोळा करतो मी."

"कुठून आणता? गाडी कोणाजवळ आहे आपल्या इकडं?" त्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं.

चौथा नियम बरोबर होता. आजही त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. पण त्या झाडाखाली, त्या माणसासमोर, माझ्या बरोबर असण्याचा कोणाला काय उपयोग होता ते मला सांगता येईना. अजूनही येत नाही. किराणावाला मजेत आहे. मित्राचा बापही. लुंबिनी हुकली ती मिस्त्रीची, आणि ती हुकवायला मीही हातभार लावला.

त्यानं गाडीचं तोंड बालाघाटकडं वळवलं. दोन-तीनदा किक मारली, ती सुरू होईना.

"जरा धक्का द्या भाऊ," तो म्हणाला.

मी मागं गेलो आणि धक्का दिला.