हरवलेल्याची खूण

किस्से जमायला मोठा गोतावळा लागतो, असा माझा समज होता. आम्ही तर तिघंच, आणि भेटायचो फक्त रविवारी! तरी वर्षभरात इतके किस्से साठले, की शाळेत मी "काल रविवारी..." म्हटलं की स्टाफरूम आधीच हसायला लागते.

तिघं म्हणजे सोलोमनकाका, मारोतीभाऊ आणि मी. काका अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. आदिलाबादच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापसाची प्रत तपासतात. मारोतीभाऊ जैनथचे शेतकरी. कापूस घेऊन आले, प्रतीवरून काकांशी तासभर भांडले, आणि तिथून दोस्ती. मी मारोतीभाऊंची शेजारीण, मराठी शाळेतली बाई. चहा आणि अंपायरगिरी माझ्याकडे.

गेल्या वर्षी काकांची आई गेली. त्यांच्यात दफन लांबवत नाहीत. काका इथून गावी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मुलानं पुढे रोज म्हणायची एक प्रार्थना असते, पण तिला दहा यहुदी पुरुष लागतात. इथे आमच्या माहितीत काका एकटेच!

"नऊ मानसं म्या आनतो," मारोतीभाऊ म्हणाले. "जैनथहून एका टेम्पोत येतात!"

काका हसले, पण ते चालणार नव्हतं. शेवटी ठाण्याच्या त्यांच्या गुरुजींनी फोनवर मार्ग सांगितला. धर्मकायद्याच्या ग्रंथातला एक भाग आईच्या नावानं वाचायला घ्यायचा आणि वर्षदिनाच्या आत पुरा करायचा. भाग निघाला हरवलेल्या वस्तूंचा. एकट्यानं मात्र वाचायचं नाही. समोर जोडीदार हवा, आणि त्यानं हरकती घेतल्या पाहिजेत. काकांना हे काहीही करून पुरं करायचं होतं. आईबद्दल मात्र ते एक शब्द काढत नव्हते.

*

पहिल्या रविवारी मारोतीभाऊ हात जोडून बसले. काका वाचून मराठीत सांगायचे, आणि दर वाक्याला हे "बराबर!"

काकांनी पुस्तक मिटलं. "मारोतीभाऊ, हे कीर्तन नाही. भांडा!"

"देवाच्या पुस्तकासंग कसा भांडू?"

"माझ्याशी भांडलात तसं. हो म्हणायला मला माणूस कशाला हवा?"

त्या दिवसापासून मारोतीभाऊंनी 'बराबर' हा शब्दच टाकला. आता चहा चांगला झालाय का विचारलं, तरी म्हणतात, "कोन म्हनते?"

*

मध्येच काकांना शंका आली. धर्माबाहेरच्या माणसांना हे शिकवलेलं चालतं का? घाबरत घाबरत गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी विचारलं, "ते काय हरकती घेतात?"

काकांनी पाच-सहा सांगितल्या. गुरुजींनी त्यातल्या दोन पुन्हा सांगायला लावल्या.

मग गुरुजी म्हणाले, "सोलोमन, यात शिकवतंय कोण?"

*

एकदा विषय भरकटून पेरणीवर गेला. एका शेतात दोन जातींचं बी मिसळून पेरू नये असा नियम आहे, असं काकांच्या तोंडून निघून गेलं. झालं! मारोतीभाऊंच्या कापसात दर सहा ओळींनंतर तुरीची ओळ.

"काऊन? माह्या बापानं तूर पेरली, आजानं पेरली. तुमच्या देवाले तुरीचं वरन आवडत नाही काय?"

काकांनी घाईघाईनं सांगितलं, की तो नियम फक्त इस्राएलच्या भूमीपुरता आहे, बाहेर लागत नाही.

मारोतीभाऊ थोडे शांत झाले. मग डोकं खाजवत म्हणाले, "मंग तिथल्या शेतकऱ्याच्या बाजूनं हरकत कोन घेते?"

हा प्रश्न काकांनी वहीत लिहून ठेवलाय.

*

पुढे मारोतीभाऊंच्या आवारात एक चुकार शेळी शिरली. काका लहान मुलासारखे हरखले. पुस्तकातला कायदा चार पायांवर चालत आला होता! सापडलेल्या जनावराला खायला घालायचं, दवंडी द्यायची, आणि खूण सांगेल त्याच्या हवाली करायचं.

"दवंडी कवाच देली," मारोतीभाऊ म्हणाले. "व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटोसकट!"

काकांनी कपाळावर हात मारला. "फोटो टाकलात? मग आता खूण काय विचारायची!"

तेच झालं. दोन फोन आले आणि दोघांनीही शेळीचं वर्णन शिंगांपासून शेपटीपर्यंत बिनचूक केलं. तिसरा फोन एका म्हातारीचा. तिला व्हॉट्सअ‍ॅपचा पत्ता नव्हता, नातीकडून कळलेलं. ती म्हणाली, "खूण-बिन मले नाही समजत. फोन तिच्या कानाशी धर."

मारोतीभाऊंनी स्पीकर लावला. म्हातारीनं "मंगेऽऽ" अशी हाक मारली आणि शेळी दावं ताणून, ओरडत थेट फोनवर आली.

काका पानं उलटायला लागले. "खूण मालकानं द्यायची असते. इथे तर वस्तूनंच दिली!"

"लिहून टाका तुमच्या पुस्तकात," मारोतीभाऊ म्हणाले. "कडंला जागा असन तं."

*

वर्षदिन जवळ आला आणि जिनिंगचा सीझन ऐन भरात. दोन रविवार बुडाले. काका कासावीस झाले, म्हणून शेवटच्या आठवड्यात आम्ही रोज बसलो. शेवटच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटची ओळ झाली. आईच्या नावाचा दिवा लावायला काकांनी काडी पेटवली. दोन काड्या विझल्या.

"झालं," ते म्हणाले. "पुरं झालं."

"कोन म्हनते?" मारोतीभाऊ.

मला रागच आला. आज तरी गप्प बसावं ना माणसानं! पण ते पुढे सरकून बसले.

"काका, ज्याचं हरवलं त्यानं खूण सांगाची, असं वर्षभर वाचलं. तुमी नाही सांगतली."

काकांनी काडेपेटी खाली ठेवली. मग हळूहळू बोलायला लागले. आईच्या डाव्या अंगठ्यावर नारळ खवताना कापल्याचा वण होता. वाचताना तिचे ओठ हलायचे. घरातले सगळे जेवेपर्यंत ती उभीच असायची. आणि काकांच्या गाडीला उशीर झाला, की दाराशी न थांबता फाट्यापर्यंत चालत यायची. इतकं बोलून काका रडले. मीही रडले.

मारोतीभाऊंनी तिसरी काडी ओढली आणि काकांच्या हातात दिली.

"पटली खूण," ते म्हणाले. "तुमचीच हाय. घेऊन जा."